दाताने की हाताने? १८५७ आणि बदललेलं मॅन्युअल

आजचा भाग मॅन्युअलबद्दल आहे. हो, तेच, जे आपण कुणी वाचत नाही आणि मशीन बंद पडलं की ड्रॉवर उपसून शोधतो.

अमेरिकेत स्वतःची काडतुसं स्वतः भरणाऱ्या हौशी लोकांचा मोठा वर्ग आहे. घरी शिसं वितळवायचं, साच्यात गोळ्या ओतायच्या, त्यांना वंगण लावायचं, दारू मोजून भरायची. ह्या मंडळींत एक वाद कधी संपत नाही: आकडे बघायला जुनं पुस्तक घ्यायचं की नवं? जुन्या पुस्तकांत ओतीव गोळ्यांची माहिती भरपूर, कारण तेव्हा बरेच जण गोळ्या घरीच ओतायचे. नव्या पुस्तकांत दाबाचे आकडे इलेक्ट्रॉनिक सेन्सरने मोजलेले. पूर्वी तांब्याचा छोटा तुकडा किती चेपला ह्यावरून नळीतल्या दाबाचा अंदाज बांधायचे. शिवाय त्याच नावाची दारू इतक्या वर्षांनी अगदी तशीच असेल ह्याची खात्री कोण देणार? म्हणून त्यांच्यातले अनुभवी लोक सांगतात, जुनं पुस्तक वाचायला ठेवा, भरताना नवं उघडा.

आपल्याकडे हा प्रश्न घरात येतच नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे. तेव्हा हा भाग ऐकून कुणी शिसं वितळवायला बसू नका, प्लीज.

पण त्या वादातली एक गोष्ट बघा. नवं पुस्तक घ्या म्हणणारा माणूस मनातून एक गोष्ट धरून चाललेला असतो: की पुस्तक बदलणाऱ्याला माझा जीव वाचवायचा आहे. त्याने आकडा बदलला तर माझ्या भल्यासाठी बदलला. हा विश्वासच नसेल तर नव्या पुस्तकाचं काय होतं? आपल्या देशात हे एकदा होऊन गेलंय. १८५७ साली, काडतूस कसं भरायचं ह्या कवायतीच्या पुस्तकातली एकच कृती बदलली. दाताऐवजी हात. बदल शिपायांच्या सोयीचा होता. आणि त्याच बदलाची परेड मेरठला पेटली.

मी भंडाऱ्याचा. आमच्याकडे जवाहरनगरला ऑर्डनन्स फॅक्टरी आहे. १९६० च्या दशकातली. तिथे दारू बनते असं सांगितलं की पुण्यातले मित्र हसतात, मग त्यांना समजावावं लागतं की बाबांनो, बंदुकीची आणि तोफेची. ही गंमत फार ताणत नाही, कारण २४ जानेवारी २०२५ ला त्याच फॅक्टरीत स्फोट होऊन आठ कामगार गेले. त्या दिवसापासून आमच्या भागात दारूच्या कामाबद्दल कुणी हलक्यात बोलत नाही. तर जवाहरनगरला बनते ती नायट्रोसेल्युलोजवरची, धूर फारसा न करणारी आधुनिक दारू. १८५७ ची दारू वेगळी होती, काळी: सोरा, कोळसा आणि गंधक. ती जळाली की तिच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त भाग घन रूपात मागे राहतो. काही धुरासोबत बाहेर उडतो, बाकीचा नळीत चिकटून बसतो. आजची गोष्ट ह्या काजळीपासून सुरू होते.

आधी शिपायांकडे होती ती ब्राउन बेस. ठासणीची बंदूक, आतून गुळगुळीत नळी, गोळी नळीपेक्षा बरीच सैल. गोळी सैल असल्यामुळे काजळी साचली तरी आत सरकायची. पण सैल गोळी नळीत इकडेतिकडे आपटत बाहेर पडायची, त्यामुळे शंभर यार्डांच्या पुढे नेम म्हणजे नशीब. मग आली १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल. ०.५७७ इंचाची नळी, आत पीळ पाडलेले खाचे, गोळी लांबट आणि मागून पोकळ. बार उडाला की शिशाची ती गोळी फुगते, खाच्यांत बसते आणि गरगर फिरत जाते. पल्ला कित्येक पटींनी वाढला. पण गोळी आणि नळी ह्यांच्यात आता फट अगदी थोडी. पाच-दहा बार झाले की काजळीने गोळी आत जाईना. उपाय एकच, वंगण. काजळी मऊ राहावी आणि गोळी सरकावी म्हणून. शिशाच्या ओतीव गोळीला आजचे हौशी लोकही ह्याच घराण्यातल्या कारणांसाठी वंगण लावतात.

आता काडतूस समजून घेऊ, कारण इथे बहुतेक लोकांची गफलत होते. धातूचं टरफल वगैरे नव्हतं. कागदाची नळकांडी. एका टोकाला मोजलेली दारू, दुसऱ्या टोकाला गोळी. वंगण लावलेलं असायचं गोळीच्या टोकाला, बाहेरून. शिपायाने काय करायचं? एका हातात बंदूक, दुसऱ्या हातात काडतूस. तिसरा हात देवाने दिलेला नाही, म्हणून कवायतीच्या पुस्तकात लिहिलेलं: काडतूस तोंडाशी न्या, दाताने टोक तोडा, दारू नळीत ओता, काडतूस उलटं करा, वंगण लावलेलं टोक नळीत घाला, उरलेला कागद तोडून टाका, गजाने ठासा.

नीट बघितलंत तर दाताने तोडायचं टोक दारूचं आणि वंगण दुसऱ्या टोकाला. कागदोपत्री चरबी तोंडाला लागतच नाही! मला पहिल्यांदा हे वाचून वाटलं, मग भांडण कशाचं? पण काडतुसं एकेकटी राहत नव्हती. एकावर एक पुडक्यात बांधलेली, चामड्याच्या पिशवीत, मे महिन्याच्या उन्हात. चरबी वितळणार, कागदात उतरणार, बोटांना लागणार. डिझाइनमध्ये जे नाही ते वापरात होतं. आणि सोवळं-ओवळं पाळणाऱ्याला एका टोकाला लागलेली चरबी म्हणजे सगळ्या काडतुसाला लागलेली चरबी. स्पर्श पुरेसा आहे. इथे इंग्रज अधिकारी इंचांत बोलत होता आणि शिपाई विटाळात.

वंगणात काय होतं? इंग्लंडच्या कृतीत प्राण्याची चरबी होती. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये काडतुसं बनू लागली तेव्हा चरबी ठेकेदाराकडून यायची, आणि ती कोणत्या जनावराची आहे हे बघायची खास व्यवस्था नव्हती. पुढे चौकशीत हे सरकारी माणसांनीच कबूल केलं.

आणि ह्याचा इशारा आधीच मिळालेला होता. १८५३ मध्ये वंगण लावलेली काडतुसं हिंदुस्थानात पाठवली गेली, इथल्या हवेत वंगण टिकतं का हे बघायला. ती शिपायांच्या पिशवीत ठेवून तपासायची होती. त्या वेळी बंगाल लष्कराचे अ‍ॅडज्युटंट-जनरल कर्नल हेन्री टकर ह्यांनी डिसेंबर १८५३ मध्ये लिहून कळवलं, की ह्या वंगणात कुणाच्या जातीधर्माला बाधा येईल असं काही नाही ह्याची खात्री होईपर्यंत ती हिंदी पलटणींना देऊ नयेत. पत्र पोचलं. फाइलमध्ये गेलं. कॉर्पोरेट ऑफिसात काम करणाऱ्यांना पुढचं सांगायची गरज नाही. टेस्टिंगमध्ये रिस्क रिपोर्ट झालेली, तिकीट उघडंच, आणि तीन वर्षांनी प्रॉडक्शनमध्ये तोच इश्यू.

त्याच डिसेंबर १८५३ मध्ये, ११ तारखेला, इकडे नागपूरला तिसरे रघूजी भोसले वारले. औरस मुलगा नव्हता. दत्तक नामंजूर करून १८५४ मध्ये कंपनीने राज्य खालसा केलं. भंडारा त्याच राज्याचा भाग, म्हणजे आमचे खापरपणजोबा एका सकाळी उठले ते कंपनी सरकारचे रयत होऊन. भोसल्यांचे हत्ती-घोडे लिलावात गेले, दागिने विकायला कलकत्त्याला रवाना झाले. त्याआधी १८४८ मध्ये सातारा. १८५४ मध्येच झाशी. फेब्रुवारी १८५६ मध्ये अवध, आणि बंगाल लष्करातले कितीतरी शिपाई अवधचेच. त्याच वर्षी नवा भरती कायदा आला: नव्या शिपायाने हुकूम होईल तिथे जायचं, समुद्रापारसुद्धा. समुद्र ओलांडणं म्हणजे जात जाणं, ही तेव्हाची समजूत.

हे सगळं मी का सांगतोय? कारण काडतूस एकटं आलं नाही. ते ह्या रांगेत शेवटचं आलं. दरवेळी सरकारने सांगितलं होतं, काळजी करू नका, नियमाप्रमाणे आहे. आणि दरवेळी नियम सरकारचाच होता.

जानेवारी १८५७. कलकत्त्याजवळ डमडमला नवी रायफल शिकवायचं केंद्र. तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यातला एक खलाशी, म्हणजे खालच्या मानल्या गेलेल्या जातीतला मजूर, एका ब्राह्मण शिपायाकडे लोट्याने पाणी मागतो. शिपाई म्हणतो, माझा लोटा बाटेल. खलाशी म्हणतो, जातीचा एवढा तोरा कशाला, लवकरच तुम्हाला गाय-डुकराच्या चरबीची काडतुसं दाताने तोडायची आहेत. लेफ्टनंट राइट ह्यांनी २२ जानेवारीला ही गोष्ट वरिष्ठांना कळवली. शाळेच्या पुस्तकात ती 'अफवा कशी पसरली' म्हणून येते. मला त्यात दुसरंच दिसतं. काडतुसात काय घालतात हे ज्याला सगळ्यात जवळून माहीत असण्याची शक्यता होती, तोच माणूस पाण्याला महाग होता. तोऱ्यावर त्याने जे उत्तर दिलं ते फोर्ट विल्यमच्या कुठल्याही खुलाशापेक्षा खऱ्याच्या जवळ निघालं.

सरकारने हालचाल केली, आणि तीही लवकर. हे मान्य करायला हवं. २७ जानेवारीलाच हुकूम निघाला: केंद्रांवरची काडतुसं वंगणाशिवाय द्या, शिपायांनी बाजारातून हवं ते आणून स्वतः लावावं. मेण घ्या, तेल घ्या. प्रश्न मिटायला हवा होता ना?

नाही मिटला. आता शंका कागदावर गेली. एनफिल्डच्या काडतुसाचा कागद पातळ आणि चकचकीत होता. नळी घट्ट, म्हणून कागद पातळ हवा, पण दारू सांडू नये म्हणून मजबूतही हवा. तो तुळतुळीत कागद बघून बराकपूरच्या शिपायांना वाटलं, चरबी आता कागदातच मुरवलीय. ६ फेब्रुवारीला चौकशी झाली तेव्हा शिपायांनी सांगितलं की आम्ही कागद जाळून बघितला, तो चरचरतो, तेलकट वास येतो. म्हणजे माणसं नुसत्या अफवेवर चाललेली नव्हती, आपल्या परीने प्रयोग करत होती. सरकारनेही कागद रासायनिक तपासाला पाठवला आणि त्यात चरबी नाही असा निर्वाळा आला. पण तो निर्वाळा देणारी प्रयोगशाळा कुणाची? सरकारची.

फेब्रुवारीच्या शेवटी बहरामपूरला १९ व्या पलटणीने सरावाची काडतुसं घ्यायला नकार दिला. गंमत म्हणजे, आणि ही गंमत अगदी कडू आहे, ती काडतुसं जुन्या बंदुकीची होती. नुसत्या बाराची, गोळी नसलेली. फक्त कागद दोन वेगवेगळ्या रंगछटांचा होता. इतकी वर्षं दाताने तोडलेली वस्तू आता तोडवेना. शंका नव्यावरून जुन्यावर उलटली होती. ज्या सिस्टिमवरचा विश्वास उडतो तिचं जुनं व्हर्जनही माणूस पुन्हा तपासून बघतो, नाही का?

आता मॅन्युअल. डमडमच्या केंद्राचे प्रमुख मेजर बाँटीन ह्यांनी मार्चच्या सुरुवातीला साधी सूचना केली: दाताने तोडायचंच कशाला? डाव्या हाताने टोक फाडता येतं की. खरंच येतं. बंदूक थोडी वेगळी धरावी लागते एवढंच. त्याच महिन्यात ते मंजूर झालं आणि कवायतीत बदल झाला.

इंजिनिअर म्हणून मला ही सूचना फार आवडते. खर्च शून्य, तोंडाचा प्रश्न कायमचा संपला, बंदुकीला काही फरक नाही. पण शिपायाच्या जागी उभं राहून बघा. दोन महिने साहेब सांगत होता की काडतुसात वावगं काही नाही, दाताने तोडलं तर काहीही होत नाही. आणि आज साहेब म्हणतो, बरं, दाताने तोडू नका. मग आधी काय होतं? आपल्या ॲपच्या अपडेटमध्ये कधी कधी नुसतं 'किरकोळ सुधारणा' असं लिहिलेलं असतं, तेव्हा आपल्याला पक्कं कळतं की आधी काहीतरी मोठं फुटलं होतं. तसंच. बदल हाच पुरावा झाला.

ही अडचण वरच्या लोकांना कळत नव्हती असंही नाही. सरसेनापती जनरल ॲन्सन ह्यांना कागदाची शंका फिटेपर्यंत नेमबाजीचा सराव थांबवावासा वाटत होता. गव्हर्नर-जनरल लॉर्ड कॅनिंग ह्यांचं मत पडलं की थांबवलं तर भीती खरी होती असं आपणच कबूल केल्यासारखं होईल. सराव चालू राहिला. अंबाल्याच्या छावणीत एप्रिलभर रात्री बंगले आणि गोदामं पेटत राहिली. मधे २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडेचं प्रकरण झालं, ८ एप्रिलला त्याला फाशी. ते तुम्हाला माहीत आहे, त्यावर सिनेमाही आहे, मी तिथे थांबत नाही.

थांबायचं ते मेरठला.

मेरठला तिसरी लाइट कॅव्हलरी होती, म्हणजे रिसाला, घोडेस्वार. त्यांच्याकडे एनफिल्ड नव्हतीच. त्यांच्याकडे कार्बाइन होत्या, आखूड बंदुका, आणि काडतुसं वर्षानुवर्षांची, ओळखीची. त्यांचे कर्नल कार्मायकल-स्मिथ ह्यांनी ठरवलं की नवी पद्धत आपणच आधी दाखवावी. दातांची गरज संपली हे कळलं की लोक खूष होतील, असा त्यांचा हिशेब. २४ एप्रिलला नव्वद निवडक स्वारांची परेड लावली.

आदल्या रात्रीच वातावरण कळलेलं होतं. ट्रूपच्या एका कॅप्टनने चिठ्ठी पाठवली, की माझे लोक परेड पुढे ढकला म्हणून विनवतायत, सगळ्या लष्करात अफवा उठल्यात, ही वेळ नव्हे. कर्नलने विचार केला, आणि ठरवलं की आता मागे हटलो तर घाबरलो असं दिसेल. कॅनिंगचाच हिशेब, छोट्या आकारात.

सकाळी परेड. कर्नलने समजावलं: काडतुसं जुनीच आहेत, आणि आता हाताने फाडायची आहेत. म्हणजे बघा, वस्तू जुनी, शंका नसलेली. पद्धत नवी, आधीपेक्षा सोवळी. दोन्हीकडून सुरक्षित. नव्वदपैकी पाच जणांनी घेतली. पंच्याऐंशी जणांनी नाही.

का? त्यांनी दिलेलं उत्तर नोंदलं गेलंय, आणि मला वाटतं ह्या अख्ख्या प्रकरणातली ती सगळ्यात महत्त्वाची नोंद आहे. चरबी आहे असं ते म्हणाले नाहीत. ते म्हणाले, घेतली तर आमचं नाव बद्दू होईल, बाकीच्या पलटणी काय म्हणतील. सगळ्यांनी घेतली तर आम्हीही घेऊ.

हे ऐकायला डरपोकपणा वाटेल, पण त्या माणसाचं गणित लावून बघा. पगार कंपनी देते, पण मुलीचं लग्न कंपनी लावून देत नाही. सुट्टीला गावी गेलो आणि भावकीने पंगतीत बसू दिलं नाही, हुक्का बंद केला, तर कर्नल येऊन साक्ष देणार आहे का, की ह्याने हाताने फाडलं होतं, मी बघितलंय? आणि परेडवर पाचपन्नास फुटांवरून बघणाऱ्याला काय दिसतं? ह्याने काडतूस घेतलं, एवढंच. जुनं होतं की नवं, दाताने तोडलं की हाताने, हे गावापर्यंत पोचेस्तोवर गळून जातं. पुस्तकातला फरक फक्त पुस्तक उघडणाऱ्याला कळतो. बदनामीला पुस्तक लागत नाही.

पंच्याऐंशी जणांवर खटला चालला. कोर्टात हिंदी अधिकारीच बसलेले. शिक्षा दहा वर्षं सक्तमजुरी, त्यातल्या अकरा कोवळ्या पोरांची अर्धी केली. ९ मेच्या सकाळी सगळ्या पलटणींसमोर त्यांचे गणवेश उतरवले आणि लोहाराने एकेकाच्या पायात बेड्या ठोकल्या. ह्याला बराच वेळ लागला. त्यांच्यात वर्षानुवर्षं नोकरी केलेली, लढायांची पदकं मिळवलेली माणसं होती. दुसऱ्या दिवशी, रविवार १० मे, संध्याकाळी मेरठ उठलं. तुरुंग फोडून ह्यांना सोडवलं आणि स्वार रातोरात दिल्लीच्या वाटेला लागले. ११ मेच्या सकाळी ते यमुनेच्या पुलावर होते.

आणि सरकारने सगळ्या लष्कराला उद्देशून, तुमच्या धर्मात ढवळाढवळ करायचा आमचा हेतू नाही, अफवांवर विश्वास ठेवू नका, असा जाहीरनामा काढला तो १६ मेला. मेरठनंतर सहा दिवसांनी. टकरच्या पत्रानंतर साडेतीन वर्षांनी.

आता आपल्या बाजूला येऊ. मुंबई आणि मद्रास लष्करांत काडतुसावरून एवढं का झालं नाही? नागपूर-कामठीला मद्रासचं सैन्य होतं. मद्रासवाल्यांचं हे सगळं पन्नास वर्षं आधी होऊन गेलेलं: १८०६ मध्ये नवी नियमावली आली, कपाळावर गंध नको, दाढी नको, आणि नवी पगडी, तिला चामड्याचा तुरा. १० जुलैला वेल्लोरला रक्तपात झाला, नियम मागे घ्यावे लागले. मुंबई लष्करात मराठे, महार, परदेशी, मुसलमान, बेने इस्रायली ज्यू असे सगळे एका रांगेत उभे राहत. अवधच्या एकाच पट्ट्यातली, एकाच भावकीतली माणसं असा प्रकार तिथे कमी. त्यामुळे 'बाकीचे काय म्हणतील' ह्यातले 'बाकीचे' एकजिनसी नव्हते. असं असूनही कोल्हापूरला २७ वी पलटण ३१ जुलैला उठलीच. आणि नागपूरला १३ जूनच्या रात्री अनियमित घोडदळातल्या काही लोकांनी उठावाचा बेत केला होता. तो आधीच फुटला, आणि सीताबर्डीच्या किल्ल्यावर फाशी दिली गेली. नागपूरच्या बेतामागे काडतूस होतं असं मी म्हणणार नाही. तिथे राज्य जाऊन तीनच वर्षं झाली होती, तेवढं पुरे होतं.

मराठीत ह्या सगळ्याचा एक विलक्षण साक्षीदार आहे, आपले वरसईचे विष्णुभट गोडसे. दक्षिणा मिळवायला म्हणून उत्तरेला निघालेले गरीब भिक्षुक, आणि सापडले थेट बंडात. महूच्या आसपास त्यांना शिपाईच भेटले आणि काडतुसांची हकिगत त्यांच्या तोंडून कळली. 'माझा प्रवास' १९०७ मध्ये छापून आलं. वाचलं नसेल तर वाचा. मला त्यात महत्त्वाचं हे वाटतं, की रस्त्यावरच्या भटजीपर्यंत काडतुसाची बातमी पोचली होती. ते हाताने फाडायची नवी कवायत निघाली ही बातमी मात्र कुणाच्या तोंडी नव्हती. बगची बातमी पायी फिरते, पॅचची फिरत नाही.

पुढे इतिहासकार ह्यावर भांडत राहिले. बहादूरशहा जफरच्या खटल्यात सरकारी पक्षाने म्हटलं, काडतूस हे निव्वळ निमित्त. सावरकरांनी अगदी उलट्या टोकावरून, स्वातंत्र्ययुद्धाच्या बाजूने, तेच म्हटलं, की एवढ्या मोठ्या युद्धाचं कारण काडतूस कसं असेल. मला दोघांचंही पूर्ण पटत नाही. निमित्त म्हटलं की ते पंच्याऐंशी जण खोटं बोलत होते असं होतं, आणि शिक्षेचा धोका समोर दिसत असताना माणूस निमित्तापायी हात मागे घेत नाही.

आणि चरबी? १८९७ मध्ये लॉर्ड रॉबर्ट्सने आपल्या आठवणी छापल्या. हा माणूस बंड मोडायला इंग्रजांच्या बाजूने लढलेला. त्याने लिहिलं की जॉर्ज फॉरेस्टने सरकारी दप्तरं तपासली, आणि त्यावरून दिसतं की त्या वंगणात खरोखरच आक्षेपार्ह चरबी वापरली होती. चाळीस वर्षांनी. डमडमच्या खलाशाचं नाव मात्र कुठेही नाही.

बंदुकीचं काय झालं, तेही सांगतो. बंडानंतर हिंदी पलटणींना एनफिल्ड रायफल द्यायचीच नाही असं धोरण आलं. त्यांच्यासाठी १८५८ चा खास नमुना काढला. दिसायला एनफिल्ड, पण आतून खाचे घासून गुळगुळीत केलेली रुंद नळी. म्हणजे फिरून ब्राउन बेसच, नेम पुन्हा नशिबावर. ह्या वेळी मॅन्युअल सोडून बंदूकच जुनी केली. १८६६ च्या सुमारास स्नायडर आली, मागून भरायची, पितळी काडतुसाची. तोडायला काही उरलंच नाही. १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला, तो आजही चालू आहे.

वेल्लोरच्या त्या पगडीवर एक वेगळा भाग करायचा विचार आहे. तोपर्यंत, भेटू.